मोर्चा पॉइंट (नागपूर)

राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात सुरू असताना विधानभवनाकडे निघालेले मोर्चे पोलीस जिथे अडवतात, ती जागा. शब्द मूळचा बंदोबस्ताच्या भाषेतला. पत्रकारांनी तो उचलला आणि आता मोर्चेकरीही सर्रास वापरतात. मॉरिस कॉलेज टी पॉइंट, टेकडी रोड, सदरमधला लिबर्टी चौक, एलआयसी चौक ही त्यातली नेहमीची नावे. मॉरिस कॉलेजचे नाव बदलून बराच काळ लोटला, पण पॉइंट मॉरिसचाच राहिला आहे.

या साऱ्याचे मूळ १९५३ च्या नागपूर करारात आहे. मध्य प्रांताची राजधानी असलेले हे शहर मराठी भाषकांच्या राज्यात यायचे, तर सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम करावा आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे घ्यावे, असे त्यात ठरले होते. १९६० पासून अधिवेशन भरू लागले आणि त्याच्यामागोमाग गाऱ्हाणी आली. विदर्भातल्या माणसाला मुंबई गाठणे खर्चाचे. इथे मंत्रालयच काही दिवस दारात येऊन बसते. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, कंत्राटी कामगार, हलबा, धनगर, वेगळ्या विदर्भाचे समर्थक, झाडून सगळे याच दिवसांत रस्त्यावर उतरतात. विदर्भाच्या पदरात करारातले नेमके काय पडले यावर वाद घालता येईल. मोर्चे मात्र नक्की पडले.

पद्धत ठरलेली आहे. आयोजक आधी पोलिसांकडून परवानगी, मार्ग आणि पॉइंट घेतात. यशवंत स्टेडियम, कस्तुरचंद पार्क किंवा इंदोरा मैदानावर सकाळपासून माणसे जमतात. रात्रीच्या गाडीने आलेल्या बाया पिशवीतली भाकर तिथेच सोडतात; कोणी ठेल्यावर तर्री-पोहे खाऊन घेतो. दुपारी घोषणा देत निघालेला मोर्चा कठड्यांपाशी थांबतो आणि लोक डांबरी रस्त्यावर बसकण मारतात. टेम्पोवरून भाषणे चालू असतात, तेवढ्यात पाच-सात जणांचे शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून विधानभवनात जाते. ते निवेदन देऊन, आश्वासन घेऊन परत येते. कधी मंत्रीच पॉइंटवर येतात. मंत्र्यांनी यावे की शिष्टमंडळाने जावे, हा वरवर मानापानाचा वाटणारा प्रश्न खरे तर मोर्चाचा जीव असतो. हजारो माणसे तासन्‌तास रस्त्यावर बसून राहतात ती त्यासाठीच.

अडवण्याची ही रीत अधिवेशनाहून जुनी आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला इंग्रज सरकारने बंदी घातली होती. १ मेपासून रोज तुकड्या निघत, अडवल्या जात आणि तुरुंगात जात. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली, आणि १८ ऑगस्टला झेंडा त्या रस्त्याने गेला. आजचे विधानभवनही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. उलट दिशेचे उदाहरण लाँग मार्चचे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, पण तो अमलात येईना. म्हणून ११ नोव्हेंबर १९७९ रोजी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे पायी मोर्चा निघाला. तो खडकपूर्णा नदीपाशी अडवला गेला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर गोवारी समाजाचा मोर्चा थांबवलेला होता. गोवारी म्हणजे गुरे राखणारा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. ते आमचेच, आम्हाला सवलती द्या, एवढीच त्यांची मागणी. गावोगावची कुटुंबेच्या कुटुंबे लेकरांसह आली होती. दिवसभर थांबूनही तोडगा निघाला नाही. सायंकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली, त्यात ११४ जण मेले. बायका आणि मुले त्यांत मोठ्या संख्येने होती. मुख्यमंत्री शरद पवार होते. १९८० मध्ये जळगावहून नागपूरकडे निघालेल्या शेतकरी दिंडीचे नेतेही तेच. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी न्या. दाणी आयोग नेमला गेला. अडवलेल्या गर्दीला मागे सरकायला वाट किती ठेवली होती, हा या घटनेतला सगळ्यात साधा प्रश्न, आणि प्रत्येक पॉइंटला तो आजही लागू आहे.

१९९५ मध्ये गोवारींचा समावेश २ टक्के आरक्षणाच्या विशेष मागास प्रवर्गात झाला. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र मिळाला नाही. सीताबर्डीवरच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव दिले गेले, झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले. दर २३ नोव्हेंबरला समाज तिथे जमतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोवारी हे आदिवासीच असल्याचा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे ठरवून तो फिरवला. त्या डिसेंबरात करोनामुळे अधिवेशन मुंबईतच उरकले होते, त्यामुळे निकाल लागला तेव्हा नागपुरात ना विधिमंडळ होते, ना पॉइंट.