काटा 80 वर, गाडी 86 वर

गेल्या पावसाळ्याआधी मावसभावाने त्याच्या फोर-बाय-फोरला (चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला) ‘तेहतीसचे’, म्हणजे साधारण 33 इंच व्यासाचे टायर टाकले. हरिहर किल्ल्याच्या पायथ्याशी, निरगुडपाड्याकडच्या चिखलात गाडी रुतली होती, एवढं निमित्त त्याला पुरलं. नंतर घोटीकडे जाताना गाडीतला वेगाचा काटा ताशी 80 किलोमीटरवर होता आणि मोबाइलचं जीपीएस 86 दाखवत होतं. तो म्हणाला, मोबाइल चुकतोय. मोबाइल बरोबर होता. (काटे सहसा खरा वेग थोडा वाढवूनच सांगतात, याचा आधी चोख होता.)

काटा वेग मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. जुना टायर 245/75 आर 16. म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या 75 टक्के, रिम 16 इंची. हिशेब केला तर व्यास साधारण 774 मिलिमीटर. नवा 285/75 आर 16, त्याचा व्यास 834. दर फेऱ्याला गाडी पावणेआठ टक्के पुढे सरकते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो.

चालत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून काट्यावर तोच 80 दिसत असला, तरी ब्रेकला आता 16 टक्के जास्त ऊर्जा जिरवायची आहे. वर, ब्रेकची पकडही उणावते. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणूनच ते हाताने फिरतं. मधल्या खिळ्याजवळ धरून फिरवून पाहा. चाकातही तसंच: ब्रेक जिला पकडतो ती डिस्क आसाजवळ, रस्ता चाकाच्या कडेला. टायर मोठा झाला की रस्त्याचा खुंटा आणखी लांब जातो. तेवढ्याच जोराने पेडल दाबलं तरी रस्त्यावर मिळणारा रोध सात टक्क्यांनी घटतो.

सपाट रस्त्यावर हे निभून जातं. कसारा घाटात नाही.

इगतपुरी ते कसारा हा उतार सुमारे 300 मीटरचा. सामानासकट अडीच टनांची गाडी तो उतरते तेव्हा साधारण 73 लाख ज्यूल ऊर्जा सोडते. 80 च्या वेगातली गाडी एकदा पूर्ण थांबवायला 6.2 लाख लागतात. म्हणजे हा घाट बारा कचकचीत ब्रेकांएवढा. तेवढ्या उष्णतेत 25 अंशांचं सुमारे 23 लिटर पाणी उकळीला येईल. थोडा भार हवेचा रोध उचलतो. बाकीचा खालच्या गिअरमध्ये इंजिन उचलू शकतं. न्यूट्रल करून उतरणारा डिझेल वाचवत नाही, तो हे सगळं पाणी डिस्कवर उकळतो.

इथे ज्याच्याकडे कुणी बघत नाही ती वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रकारचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही हमी 140 वर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. इगतपुरीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल दोन वर्षांत बदलावं. नव्या टायरच्या मानाने हा खर्च किरकोळच.

मग ब्रेकच मोठे का घालू नयेत? घालावेत, पण जागा कुठली? मोठी डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) मावायला मोठी रिम लागते. टायरचा बाहेरचा व्यास मात्र मडगार्ड ठरवतं. म्हणजे रिम जेवढी वाढेल तेवढी रबराची भिंत आखूड. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या धारदार दगडांवर आखूड भिंत म्हणजे वाकलेली रिम. उंच भिंतीचा फायदा आणखी एक: हवेचा दाब 30 वरून 18 पीएसआयवर (पंपावरच्या मापाने) आणला की टायर पसरतो आणि जमिनीवरचा ठसा ढोबळ हिशेबाने दीडपट होतो. चिखलातून निघायला हे पुष्कळदा पुरतं. भावाने हे आधी करून पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. डांबरी लागली की हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

म्हणून माझ्या मते सुरुवात ब्रेकपासून करावी: डिस्क मावेल एवढी लहानात लहान रिम, आणि उरलेली जागा रबराला. ‘मड’ टायर निफाडकडच्या काळ्या चिकण मातीत खरोखर उपयोगी, कारण रुंद खाचा माती झटकतात. पण ओल्या महामार्गावर रबराचा कमी भाग टेकतो आणि थांबायला जास्त अंतर लागतं. आठवडाभर नाशिक-मुंबई करणाऱ्याला ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हींसाठीचा टायरच बरा. बाजूवर छापलेला भारांकही वाचावा. 112 म्हणजे एका टायरवर 1120 किलो. आणि मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येऊ शकतं, हे टायरवाला सहसा सांगत नाही.

भावाने शेवटी 265/75 आर 16 घेतले आणि ब्रेक ऑइल बदललं. जुनं काढलं तेव्हा त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता. आता काटा 80 वर असताना मोबाइल 83 म्हणतो, आणि तो मोबाइलचं ऐकतो.