८१९२ चा आकडा बघून टॅबलेट घेताय होय?

आमच्या सोलापुरात चादर-टॉवेलचं डिझाइन करणाऱ्या पोरांत एक समज फिक्स बसलाय, ड्रॉइंग टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडून पेननं चित्र काढायची पाटी) घ्यायचा तर ८१९२ प्रेशर लेव्हलचाच, आणि आता १६३८४ वाले पण आलेत म्हणून २०४८ वाला म्हणजे भंगार. तसं काही नसतंय ओ. २०४८ म्हणजे ११ बिट, ८१९२ म्हणजे १३ बिट, पेनचा दाब किती पायऱ्यांत मोजला एवढंच, आणि ब्रशची रेघ स्क्रीनवर जास्तीत जास्त ४० पिक्सेल जाड होणार असेल तर त्यात हजारो पायऱ्या दिसणार कुठं?

बघायचं ते हे, की पेनची रेघ किती हलक्या हाताला उठतेय. निब, म्हणजे पेनचं टोक, नुसती टेकवून रेघ ओढा, रेघेची सुरुवात गायब झाली की समजायचं, पेनला दाब जास्त लागतोय. मग स्टॅबिलायझर (सॉफ्टवेअरमधली रेघ आपोआप सरळ करायची सोय) बंद करून पट्टीला लावून एक तिरकी रेघ अगदी हळू ओढा, ती लाटेसारखी आली तर लेव्हल किती का असेनात, दुकानदाराला परत द्या.

आणि ते "हात बसत नाही" म्हणतात ना, माझं पण झालेलं. कोयरी काढली की जराशी चपटीच यायची, मला वाटलं हातच गेला. निघालं काय, रुंदी-उंचीचं प्रमाण टॅबलेटचं १६:१० आणि मॉनिटरचं १६:९, आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेटच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते प्रमाण लॉकच केलं नव्हतं! बाकी नजर स्क्रीनवर ठेवायची, हाताकडं नाही, आणि पहिले काही दिवस माऊस सरळ ड्रॉवरमध्ये टाका, फाइल उघडायची ती पण पेननंच.