कचऱ्याने भरलेल्या जागेसाठी डिटेक्टर: डिस्क्रिमिनेशन वेगळं, सेपरेशन वेगळं

मेटल डिटेक्टर घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येकजण एक प्रश्न विचारतोच: "यात कचरा वगळायची सोय आहे ना?" सोय असतेच, अगदी स्वस्तातल्या यंत्रातही असते. मग तो माणूस एखाद्या जुन्या पार्कात जातो, बटण दाबून लोखंड, फॉईल, कॅनच्या कड्या असं सगळं वगळून टाकतो, दुपारभर फिरतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. ही जागा आधीच कुणीतरी साफ करून गेलंय, अशी त्याची खात्री पटते. पुष्कळदा तसं काही झालेलं नसतं. नाणं जागेवरच असतं, पण यंत्राला ते ऐकूच आलेलं नसतं.

सगळी गफलत होते ती डिस्क्रिमिनेशन आणि सेपरेशन या दोन गोष्टींत. दोन्हींचा संबंध कचऱ्याशी आहे आणि जाहिरातीत दोन्ही एकाच ओळीत येतात, त्यामुळे एक घेतलं की दुसरं आपोआप मिळालं असं वाटतं. डिस्क्रिमिनेशन म्हणजे यंत्राला जे कळलं त्यातलं काय तुम्हाला ऐकवायचं नाही, हे ठरवणं. सेपरेशन म्हणजे एकमेकांना खेटून पडलेल्या दोन वस्तू यंत्राला दोन म्हणून कळणं. जे मुळात कळलंच नाही, ते कितीही हुशारीने गाळलं तरी हाती काय येणार? म्हणून कचऱ्याच्या जागेसाठी यंत्र निवडताना मी आधी सेपरेशन बघतो आणि डिस्क्रिमिनेशन त्यानंतर.

इथली उदाहरणं अमेरिकेच्या ईशान्य भागातली आहेत. या छंदाला तिथे मोठी परंपरा आहे, आणि तिथल्या कचऱ्याला चक्क सनावळी आहे. 1964 पर्यंतचे डाइम (दहा सेंटची नाणी) आणि क्वार्टर (पंचवीस सेंटची) 90 टक्के चांदीचे. बाटलीचं पत्र्याचं दातेरी बूच 1892 सालचं, बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचं. ओढून काढायची कॅनची कडी, म्हणजे पुलटॅब, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोच्या अर्मल फ्रेझने आणली. कॅनलाच चिकटून राहणारी कडी 1970 च्या दशकाच्या मध्यात आली. मधली दहा-बारा वर्षं लोकांनी कड्या ओढल्या आणि तिथेच गवतात टाकल्या. त्या अजूनही आहेत, आणि नेमक्या चांदीच्या नाण्यांच्या थरावर पसरलेल्या आहेत.

डिस्क्रिमिनेशन चालतं कसं, ते आधी पाहू. नेहमीचा डिटेक्टर कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या चकतीतून, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलकडे थोडा मागे पडून परत येतो. जाड चांदी किंवा तांब्यात हा प्रतिसाद जास्त रेंगाळतो, पातळ फॉईलमध्ये कमी. लोखंड स्वतःच चुंबकीय असल्याने ते वेगळ्याच टोकाला जातं. या मागे पडण्यावरून यंत्र एक आकडा काढतं आणि पडद्यावर दाखवतं. डिस्क्रिमिनेशनचा सगळा कारभार या एका आकड्यावर चालतो: अमुक ते अमुक आकडे गप्प, बाकीचे बोलके.

अडचण अशी की हा आकडा धातूचं नाव सांगत नाही. वस्तू किती वीजवाहक, किती जाड, किती मोठी, या सगळ्याची ती गोळाबेरीज असते. ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी एकाच आकड्यावर येऊ शकतात, आणि येतात. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेलचं असतं. तेही याच शेजारात बसतं. म्हणजे कड्या बंद केल्या की हे नाणं गेलं आणि सोन्यातला मोठा हिस्साही गेला. अंगठ्यांचा पट्टा फॉईलपासून थेट झिंकच्या एक सेंटच्या नाण्यापर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे सोनं ठेवून कडी वगळणारी सेटिंग कुठल्याच यंत्रात नाही. विकणारा काहीही म्हणो, पार्कात सोनं हवं असेल तर कड्या खणाव्या लागतात.

उलट बाजूची फसगत बुचाची. गंजलेलं, चपटं झालेलं पत्र्याचं बूच लोखंडाचं असूनही बऱ्याच यंत्रांवर चांगल्या नाण्यासारखं खणखणीत वाजतं, विशेषतः डीडी कॉइलवर (हा कॉइलचा एक प्रकार, त्याबद्दल पुढे). आकडा बघून ते ओळखू येत नाही. कॉइल हळूहळू मागे ओढून वस्तू कॉइलच्या टोकाखाली आणली, तर बुचाचा आवाज पुष्कळदा फाटतो आणि लोखंडाची घरघर ऐकू येते. नाण्याचा सूर सहसा तसा फाटत नाही, फक्त क्षीण होत जातो.

आता सेपरेशन. हे समजावून सांगायला एक लाकडी फळी पुरते. फळीवर मधोमध चांदीचा डाइम ठेवा. तो जेमतेम 18 मिलिमीटरचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण पाच सेंटिमीटरवर, एकेक गंजका खिळा आडवा टाका. डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद ठेवून कॉइल वरून फिरवा. चपळ यंत्र म्हणेल: घुर्र, टिंग, घुर्र. मंद यंत्र एकच लांबलचक घुर्र काढेल. मंद यंत्रावर आता लोखंड वगळा. ते काय करतं? घुर्र बंद होते आणि तिच्याबरोबर नाणंही बंद होतं. फार तर एखादा तुटका टक् ऐकू येईल, आणि तो कचऱ्याचा समजून माणूस पुढे जाईल. फळीवरच्या नाण्यावर कॉइल आहे आणि हेडफोन शांत आहेत, हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं की त्या शांततेवर पुन्हा विश्वास बसत नाही.

असं का होतं? खिळ्याचा सिग्नल हाताळून झाल्यावर यंत्राला पुन्हा मूळ स्थितीला यायला थोडा वेळ लागतो. कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने फिरत असेल, तर पाच सेंटिमीटरचं अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात संपतं. तेवढ्यात यंत्र मोकळं झालं नाही, तर नाणं खिळ्याच्या सावलीतच राहतं. मोकळं होण्याच्या या वेगाला बहुतेक कंपन्या रिकव्हरी स्पीड म्हणतात, एक्सपी कंपनी रिॲक्टिव्हिटी म्हणते. मायनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स 800 या यंत्रावर याच्या 1 ते 8 अशा पायऱ्या आहेत, त्याच्याच धाकट्या 600 वर फक्त 1 ते 3. दोन्ही यंत्रं दिसायला सारखी, डिस्क्रिमिनेशनही दोन्हींत आहे, पण खिळ्यांच्या जागी हा फरक मोलाचा ठरतो. वेग वाढवला की खोली थोडी घटते, हे खरं. पण दर वितीवर खिळा असलेल्या जागी ती जास्तीची खोली वापरायला मिळतेच कुठे? खोलीच्या आकड्यांना भुलून यंत्र घेणारे इथेच फसतात. पल्स इंडक्शनची, म्हणजे सलग क्षेत्राऐवजी विजेचे झटके सोडणारी, यंत्रं खोल जातात म्हणून कुणी सुचवली, तर ती समुद्रकिनाऱ्यासाठी ठेवावीत. लोखंड ओळखण्याच्या बाबतीत ती फारच दुबळी असतात.

एका धातूने दुसरा झाकण्याचा हा प्रकार या यंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे. 1881 च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेलने आपलं इंडक्शन बॅलन्स, म्हणजे धातू जवळ आला की आवाज देणारं यंत्र, आणलं. गोळी काही सापडली नाही. नंतर कळलं की अंथरुणाखाली पोलादी तारांची गादी होती. शोधही चुकीच्याच बाजूला चालला होता, पण त्या तारांनी आवाजाचा घोळ केला, तो आपल्या खिळ्यांसारखाच.

सेपरेशनचा दुसरा अर्धा भाग कॉइलमध्ये असतो, आणि त्याकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष जातं. यंत्राबरोबर बहुधा 11 इंचांच्या आसपासची कॉइल येते. 6 इंचांची कॉइल वेगळी घ्यावी लागते. 11 इंचांच्या गोल कॉइलखाली 6 इंचांच्या कॉइलपेक्षा तिपटीहून जास्त जमीन येते, म्हणजे एका वेळी तितके जास्त खिळेही येतात. कॉइल लहान असली की खोली आणि झपाटा दोन्ही कमी होतात, पण दोन खिळ्यांच्या मधली फट दिसू लागते. माझं ठाम मत असं की बजेट मर्यादित असेल तर सर्वांत महाग यंत्र मोठ्या कॉइलसह घेण्यापेक्षा मधल्या किमतीचं चपळ यंत्र आणि सोबत लहान कॉइल घ्यावी.

कॉइलच्या आकाराइतकाच तिचा प्रकार बघावा. कॉन्सेंट्रिक कॉइलचं क्षेत्र खाली शंकूसारखं निमुळतं होतं. डीडी कॉइलची खरी पकड मधल्या, पुढून मागे जाणाऱ्या अरुंद पट्टीत असते. डावी-उजवीकडे फिरवताना ती पट्टी शेजारशेजारच्या वस्तू छान वेगळ्या करते. तुमच्यापासून दूर जाणाऱ्या रेषेत, एकापुढे एक पडलेल्या वस्तू मात्र तिच्याखाली एकदमच येतात. म्हणून कचऱ्याच्या जागी तोच तुकडा आधी उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम असा दोनदा फिरावा. पहिल्या फेरीत नुसती घरघर देणारी जागा दुसऱ्या फेरीत टिंग देते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

जागा कुठली, यावरही बरंच ठरतं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे याच ईशान्य भागातल्या, जंगलांत मोडकळलेल्या घरांचे दगडी तळघराचे खड्डे आहेत. लाकूड कुजून गेलं आणि सगळे खिळे तिथेच मातीत राहिले. घर जळालेलं असेल तर विचारूच नका. तिथे कचरा लोखंडी आणि हवी असलेली वस्तू तांब्याची किंवा चांदीची, म्हणजे आकड्यांत दोघांमध्ये भरपूर अंतर. प्रश्न फक्त वेगळं ऐकू येण्याचा. तिथे लहान कॉइल, वाढवलेला रिकव्हरी स्पीड, आणि लोखंड वगळण्याऐवजी त्याचा आवाज बारीक करून चालू ठेवलेला. घरघर ऐकू येत राहिली की त्या घरघरीत अडकलेला अर्धवट उंच सूर कानाला टोचतो. शहरातल्या पार्कात चित्र उलटं. कचरा ॲल्युमिनियमचा, आकडे सोन्याशी भिडलेले, आणि सेपरेशन कितीही चांगलं असलं तरी कडी ती कडीच वाजणार. तिथे डिस्क्रिमिनेशनला खरी जागा आहे, पण ती किती खड्डे खणायची परवानगी आणि ताकद आहे यावर. वेळ तासाभराचा असेल आणि फक्त चांदी हवी असेल, तर फॉईल आणि कड्यांचे खालचे आकडे बिनधास्त बंद करा. आपण काय सोडतो आहोत, ते माहीत असलं की झालं.

परवानगीचं निघालंच आहे, तर सांगतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरायला बंदी आहे आणि गावोगावच्या पार्कांचे नियम वेगवेगळे, तेव्हा आधी विचारायचं. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी हे यंत्र गडावर नेण्याचा विचारही करू नये. संरक्षित स्मारकांत खोदकाम 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय जागेवरून उचललेल्या नाण्याबरोबर ते कुठल्या थरात होतं, ही माहिती कायमची जाते.

फळीच्या चाचणीत एक गोष्ट येत नाही. फळीवर खिळा आणि नाणं एकाच पातळीत असतात. जमिनीत मात्र नाणं बऱ्याचदा खाली असतं आणि खिळा थेट त्याच्या डोक्यावर. अशा वेळी जगातली कुठलीही रिकव्हरी आणि कुठलीही कॉइल पुरेशी पडत नाही. उपाय एकच, वरचा कचरा बाहेर काढणं. त्यामुळे खिळा निघाला की खड्डा लगेच बुजवू नका. कॉइल पुन्हा एकदा खड्ड्यावरून फिरवा, काढलेल्या मातीच्या ढिगावरूनही फिरवा, आणि खिळा परत तिथेच न टाकता कमरेच्या पिशवीत घाला. पुढच्या खेपेला तोच तुकडा तुमच्यासाठी तेवढा मोकळा झालेला असतो.