ब्रॅडफील्ड वुड्स

ब्रॅडफील्ड वुड्स : पूर्व इंग्लंडमधील सफोक परगण्यातील सुमारे 80 हेक्टरांची प्राचीन वनराई. बरी सेंट एडमंड्स या बाजारपेठेच्या गावापासून आग्नेयेला दहा-बारा किलोमीटरांवर, गहू आणि सातूच्या सपाट शेतांमध्ये ती उभी आहे. फेल्शम हॉल वुड आणि मंक्स पार्क वुड असे तिचे दोन भाग. राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून तिला संरक्षण आहे आणि सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था तिची देखभाल करते. निदान 1252 पासून हे रान पाळीपाळीने तोडले जात आहे, आणि तोडले जात असल्यामुळेच ते टिकले आहे. आपल्याकडच्या देवराईत कुऱ्हाड न घालण्याचा नेम रान राखतो. इथे कुऱ्हाडीचा नेम चुकला नाही म्हणून रान राहिले. एवढे ध्यानात घेऊन गेले तरच इथे काय पाहायचे ते उमगते.

तोडण्याच्या या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. हेझल, ॲश, मेपल, अल्डर यांसारखे झाड जमिनीलगत छाटले की ते मरत नाही. उरलेल्या बुडख्यातून पुढच्या वसंतात धुमारे फुटतात आणि काही वर्षांत त्यांचे सरळ सोट तयार होतात. सागाच्या बुंध्याला फुटणारे धुमारे ज्याने पाहिले आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. रानाचे तुकडे पाडलेले असतात आणि दर हिवाळ्यात, पाने झडल्यावर, त्यातले मोजकेच तुकडे तोडतात. ब्रॅडफील्डला एका तुकड्याची पाळी साधारण वीस-पंचवीस वर्षांनी येते. मधूनमधून ओकची झाडे मात्र न तोडता वाढू देतात. ती घरांच्या तुळयांसाठी. सोटांचा उपयोग गावगाड्यात सगळीकडे होई : जळण, मेंढ्यांच्या वाड्याच्या ताट्या, गवती छपरात खोचायच्या काड्या, वेलींचे आधार, कुडाच्या भिंती. कोकणात कारवीचा कूड लिंपतात तसा इथे हेझलचा कूड विणून त्यावर माती, गवत आणि शेणाचा गिलावा देत. जवळच्या लिटल व्हेल्नेथम गावातल्या कारखान्यात या रानातल्या ॲशच्या सोटांपासून लाकडी दंताळी आणि लांब विळ्यांचे दांडे बनत. इंग्लंडमधल्या बहुतेक रानांत दगडी कोळसा आणि तारेच्या कुंपणाने हा व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोडून काढला. ब्रॅडफील्डला तो विसाव्या शतकातही चालू राहिला, याचे मोठे श्रेय त्या दंताळ्यांना आहे.

छाटणीने झाडाचे आयुष्य वाढते, ही इथली सर्वांत विलक्षण गोष्ट. न छाटलेला ॲश दोनेकशे वर्षांत म्हातारा होऊन कोसळतो. छाटलेल्या ॲशचा बुडखा दर पाळीला थोडा बाहेरच्या बाजूने वाढत जातो, मध्ये कुजून पोकळ होतो, पण कडेचे कोंब कायम तरुण. फेल्शम हॉल वुडमधला असा एक बुडखा साडेपाच मीटरांच्या आसपास रुंद आहे आणि त्याचे वय निदान हजार वर्षे मानले जाते. पाहताना तो एक वृक्ष वाटतच नाही; शेवाळलेल्या खोडांचे वेडेवाकडे कोंडाळे दिसते. ओझरती नजर टाकून पुढे जाणारे पुष्कळ असतात. इथे थांबावे, त्याला एक फेरी घालावी. सफोकमध्ये याहून जुने सजीव फार थोडे असतील.

तोडलेला तुकडा पहिल्या हिवाळ्यात उजाड दिसतो. पण जमिनीपर्यंत ऊन पोहोचताच दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात फुलांचा नुसता लोट येतो : फिकट पिवळे प्रिमरोझ, पांढरी वुड ॲनिमोन, ब्लूबेल, जांभळी ऑर्किडे. इथले खास फूल म्हणजे ऑक्सलिप. एका दांड्यावर एकाच बाजूला झुकलेल्या फिकट पिवळ्या फुलांचा हा झुपका ब्रिटनमध्ये जवळजवळ सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशरच्या चिकणमातीच्या जुन्या रानांतच आढळतो. सात-आठ वर्षांत झुडपे दाट होतात, आणि त्या दाटीत नायटिंगेलसारखे पक्षी घरटी करतात. हेझलच्या फांद्यांतून डॉरमाऊस हा सोनेरी, झुपकेदार शेपटीचा छोटा निशाचर प्राणी फिरतो. वर्षाचे बरेच महिने तो झोपूनच काढतो. मग सावली पडते, फुले विरळ होतात, आणि तोवर शेजारचा तुकडा तोडायला आलेला असतो. रानातल्या रानात वस्ती अशी सरकत राहते. कुठे आम्लधर्मी तर कुठे चुनखडीयुक्त, अशी माती थोड्या अंतरात बदलत असल्याने इथे साडेतीनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींची नोंद आहे.

इंग्लंडमध्ये 1600 पासून सलग रान राहिलेल्या जागेला प्राचीन वनराई म्हणतात. त्या काळापूर्वी झाडे मुद्दाम लावण्याची फारशी रीत नव्हती. म्हणून तेव्हा असलेले रान आपोआप उगवलेले असावे, असा त्यामागचा तर्क. अशी जमीन ब्रिटनच्या क्षेत्रफळाच्या सुमारे अडीच टक्के उरली आहे. वय ओळखण्याच्या खुणा जमिनीवरच असतात. ब्रॅडफील्डच्या कडेने फिरताना मातीचा रुंद बांध आणि बाहेरच्या बाजूला चर दिसतो. मध्ययुगात कोवळे कोंब गुराढोरांपासून राखण्यासाठी तो घातला होता. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकम (1939–2015) यांनी असे बांध, बुडखे, फुले आणि जुने दस्तऐवज एकत्र वाचण्याची शिस्त घालून दिली. त्यांच्या अभ्यासात ब्रॅडफील्डचे स्थान मानाचे आहे.

हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मठाचे होते. मंक्स पार्क म्हणजे मठाचे हरणे राखण्याचे कुरण. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, 1539 मध्ये मठ बंद झाला आणि मालक बदलले, तरी तोडीच्या पाळ्या थांबल्या नाहीत. खरे संकट आले ते 1960 च्या दशकात. धान्याची शेती वाढवण्यासाठी मंक्स पार्क वुडचा मोठा भाग मुळासकट उपटला गेला. सातशे वर्षांच्या तोडीने जे गेले नाही ते यंत्रांनी बघता बघता नाहीसे केले. गावकरी आणि निसर्गप्रेमींनी आवाज उठवल्यामुळे उरलेले रान वाचले आणि 1970 च्या सुमारास संरक्षणासाठी विकत घेतले गेले. तोडणे आणि उपटणे यांतला फरक शिकायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

आजची दोन संकटे निराळी आहेत. एक हरणांचे. त्यांत मंटजॅक हे मूळचे चीनचे हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका खासगी उद्यानात आणले गेले आणि तिथून पसरले. सह्याद्रीतल्या भेकराचे ते जवळचे नातलग. भुंकल्यासारखा आवाजही तसाच. नवे कोंब आणि ऑक्सलिप ते खाऊन टाकते, म्हणून ताज्या तोडीभोवती कुंपण घालावे लागते. दुसरे संकट ॲशच्या मरीचे. या बुरशीजन्य रोगाची ब्रिटनमधल्या नैसर्गिक रानातली पहिली नोंद 2012 मध्ये शेजारच्या नॉरफोक परगण्यात झाली. ॲशवर उभ्या असलेल्या रानासाठी ही फार गंभीर गोष्ट आहे.

भेटीसाठी एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पूर्वार्ध उत्तम. पहाटे पक्ष्यांचा आवाज सर्वाधिक असतो. रानात खुणा केलेल्या पायवाटा आहेत. चिकणमाती पावसानंतर बुटांना इतकी धरते की पाऊल उचलणे जड जाते, त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेत. गवतातून फिरल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे पाहावे. त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. फुले तोडू नयेत, आणि वाटेबाहेर पाऊलही घालू नये, कारण तुडवलेली ब्लूबेल सावरायला कित्येक वर्षे घेते.

आसपासचा मुलूख पायी पाहण्याची सोय इंग्लंडमध्ये कायद्यानेच केली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे 2,25,000 किलोमीटरांचे सार्वजनिक मार्ग आहेत. खासगी शेतातून गेलेल्या वाटेवरही कोणालाही चालण्याचा हक्क असतो. 1949 च्या कायद्याने या वाटांचे अधिकृत नकाशे करणे बंधनकारक केले. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशासंस्थेच्या 1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. प्रत्यक्षात खांबावरचा पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोड्यांनाही मोकळी असलेली वाट. उभ्या पिकातून वाट गेली असेल तर तिथून चालायला संकोचू नये. मात्र फाटक जसे होते तसेच ठेवून पुढे जावे. शेतांमधली जुनी कुपाटी, गारगोटीच्या मनोऱ्यांची चर्चे आणि गुलाबी गिलाव्याची घरे हा इथला ठेवा.

दिवस हातात असेल तर दक्षिणेचे लॅव्हनहॅम गाव पाहावे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत लोकरी कापडाच्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या या गावात लाकडी सांगाड्याची घरे रांगेने उभी आहेत. रॅकम यांनी सफोकमधल्याच, सुमारे 1500 सालच्या एका शेतघराची लाकडे मोजली तेव्हा ती 330 च्या आसपास झाडांची निघाली, आणि त्यातली बहुतेक झाडे बारीक होती. लॅव्हनहॅमच्या भिंतीतले खांब त्या नजरेने पाहिले की त्यांची जाडी ओळखीची वाटते : सकाळी रानात हेझलच्या गर्दीत उभे असलेले तरुण ओक साधारण तेवढेच होते.