आई-बाबांना आमच्याकडे ठेवण्याआधी

आमचं ज्येष्ठ निवास पाहायला येणार असाल, तर रविवारी सकाळी येऊ नका. तेव्हा भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असते, सगळेच खुशीत असतात. मधल्या कुठल्याही दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला या. विस्मरणाचा आजार असलेल्यांची ‘मला घरी सोडा’ ही घालमेल बहुधा दिवेलागणीलाच वाढते, आणि त्याच वेळी मावश्यांची पाळी बदलायची असते. ही वेळ आमची माणसं कशी निभावतात ते बघा आणि मग ठरवा. तळेगाव दाभाड्याला पुण्याहून लोणावळा लोकलनं येता येतं.

दिवस कसा जातो

पहाटे उठणाऱ्यांना साडेपाचला चहा मिळतो. लाल झाकणाच्या किटलीत बिनसाखरेचा असतो (तरी ‘चुकून’ दुसऱ्या किटलीकडे जाणारे हात आम्हाला ठाऊक आहेत). आठला नाश्ता. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर आधी तपासतात, पण ताटली समोर आल्याशिवाय सिस्टर इंजेक्शन देत नाहीत. इन्सुलिन टोचलं आणि खाणं लांबलं, तर साखर एकदम उतरते. म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही.

जेवण घरचंच म्हणावं असं: पोळी-भाजी, वरण-भात, रात्री बहुतेकदा मुगाची खिचडी किंवा भाकरी. दात नसतील तर पोळी दुधात किंवा आमटीत कुस्करून देतो. एकादशी मोडा असं कुणालाही सांगत नाही. मधुमेह असेल तर साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी, बरोबर दाण्याची आमटी आणि ताक. त्या दिवशीच्या गोळ्यांचं आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवतो.

दुपारी पेपर, पत्ते, झोप. संध्याकाळी हरिपाठ होतो. यायलाच हवं असं नाही. परदेशातल्या मुलांनी व्हिडिओ कॉल रात्री साडेआठला ठेवावा. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि इथे जेवणं झालेली असतात.

रात्र

आमची खरी काळजी रात्रीची. झोपेतून उठून अंधारात बाथरूमकडे जाताना पाय घसरतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून प्रत्येक खोलीत रात्रभर मिणमिणता दिवा, कमोडशेजारी धरायला दांडा, उशाशी घंटा. ज्यांचा तोल जातो त्यांच्या पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवतो. पहिले काही दिवस बाबा तिच्यावरून रागावतील. रागावू द्या.

रात्री सिस्टर एकच असतात, डॉक्टर फोनवर. तब्येत बिघडली तर १०८ ला किंवा जवळच्या खासगी ॲम्ब्युलन्सला बोलावतो आणि आमचं माणूस सोबत जातं. पण रुग्णालयात सही आणि निर्णय नातेवाइकांचा. तासा-दोन तासांत पोचू शकेल अशा एका माणसाचा नंबर द्यावाच लागेल. व्हेंटिलेटर किंवा सतत ऑक्सिजन लागणाऱ्यांना आम्ही ठेवून घेत नाही. तेवढी सोय इथे नाही.

पैसे आणि कागद

महिन्याच्या रकमेत खोली, जेवण, धुणं, सिस्टर आणि डॉक्टरांची आठवड्याची फेरी येते. डायपर, औषधं, फिजिओथेरपी आणि स्वतंत्र मावशी यांचं बिल वेगळं. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मग उत्पन्न कितीही असो. कार्ड काढून ठेवा. मात्र ते रुग्णालयात भरती झाल्यावर चालतं, आमच्या बिलाला नाही.

पेन्शनरांचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात आम्ही मोबाइलवर चेहरा दाखवून इथूनच भरून देतो. वय ८० च्या पुढे असेल आणि पेन्शन केंद्र सरकारची असेल, तर ऑक्टोबरपासूनच.

येताना आधार कार्ड, आताच्या औषधांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि चष्म्याचा नंबर आणा. शक्य असेल तर त्यांची नेहमीची उशी आणि देव्हाऱ्यातला एखादा देवही आणा.

एक विनंती: ‘चार दिवस हवापालट’ असं सांगून कुणाला आणून सोडू नका. असं आणलेलं माणूस महिनोन्महिने फाटकाकडे डोळे लावून बसतं, आणि मग आमच्या मावशीनं दिलेली गोळीही त्याला नको असते. आधी त्यांनाच घेऊन या, जेवून जा. मग पंधरा दिवस राहून बघू द्या; त्या पंधरा दिवसांसाठी अनामत घेत नाही.