नळीतली चरबी रक्तात शिरते तेव्हा

सोलापुरात मटणाच्या पंगतीत नळी कुणाच्या ताटात पडली यावरून रुसवेफुगवे होतात. ताटावर ठोकली की जो तुपकट गर सुटतो, तसाच गर आपल्या मांडीच्या हाडातही असतो.

पुणे रोडवर दुचाकी घसरून पोराची मांडी मोडते. पहिल्या दिवशी तो शुद्धीवर असतो, चहा मागतो. साधारण 24 ते 72 तासांत मात्र त्याला धाप लागते आणि तो बरळू लागतो. डोक्याला मार नाही, सीटी स्कॅनही बऱ्याचदा साफ. मग ‘अपघाताची जागाच वाईट’ म्हणत कुणीतरी लिंबू उतरवायला घेतं. लिंबू शेंगाभाजीवर पिळा, पेशंटला ऑक्सिजन लागतोय! हाडातली चरबी रक्तात शिरून होणाऱ्या या आजाराला ‘फॅट एम्बोलिझम सिंड्रोम’ म्हणतात.

हाडातल्या शिरा हाडाला चिकटलेल्या असतात. त्यामुळे तुटल्या तरी त्या मिटत नाहीत, उघड्याच राहतात. साकळलेल्या रक्ताच्या दाबाने चरबीचे थेंब त्यांत ढकलले जातात आणि हृदयातून थेट फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. पुढे लायपेज हे विकर चरबी फोडून मेदाम्लं मोकळी करतं आणि ती फुप्फुसाचा पातळ पडदा जाळतात. याला वेळ लागतो, म्हणून मधला दिवस बरा जातो. काही थेंब फुप्फुसं ओलांडून मेंदूत पोचतात. कोलेस्टेरॉलशी याचा संबंध नाही, काटकुळ्या पोरालाही हे होतं.

मला सगळ्यांत भावते ती पुरळाची गोष्ट. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके छातीवर, मानेवर, काखेत उठतात, पायांवर सहसा नाही. असं का? रश्श्यावर तर्री तरंगते तशी चरबी रक्तात वर राहते, आणि मान-हातांच्या धमन्या महाधमनीच्या कमानीच्या वरच्या अंगाने फुटतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. सावळ्या कातडीवर हे ठिपके नजरेतून सुटतात, म्हणून डॉक्टर खालची पापणी ओढून बॅटरी मारतात. ठिपके सगळ्यांना येत नाहीत, आणि आले तरी लवकर मावळतात.

खात्रीची एकच अशी चाचणी नाही. रक्तात चरबीचे थेंब तर हाड मोडलेल्या पुष्कळांना सापडतात, आजार मात्र मोजक्यांनाच होतो. 1970 साली गर्ड या डॉक्टरांनी हा आजार ओळखण्यासाठी मुख्य आणि दुय्यम लक्षणांचे निकष मांडले. श्वास, मेंदू आणि पुरळ ही त्यातली मुख्य. प्लेटलेट्स घसरणं, ताप, वाढलेली नाडी ही दुय्यम. मेंदूचा एमआरआय काढला तर काळ्या पडद्यावर असंख्य पांढरे ठिपके दिसतात. डॉक्टर त्याला ‘तारांगण’ म्हणतात.

चरबी विरघळवणारं खात्रीचं औषध नाही. ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेटर, आणि हाड लवकर पक्कं बसवणं. फुप्फुसं सावरेपर्यंत पेशंटला तगवून धरायचं.