पेटीतली दुनिया आणि डोक्यावरचं ओझं

अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात, लहानपणी पत्र्याच्या पेटीला डोळे लावून बायोस्कोप पाहिला होता. आता तशीच पेटी डोक्याला बांधून पोरं धडे शिकतात. तिला व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) म्हणतात, पण तिची मुळं जुनी आहेत.

इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं की दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून दृश्याचा खोलपणा उभा करतो. शिकवण्यासाठी खरा उपयोग झाला तो एडविन लिंक यांच्या विमानाचा. लिंक हे ऑर्गन नावाचं वाद्य बनवणाऱ्याच्या घरातले. त्या वाद्यातल्या हवेच्या भात्यांच्या जोरावर त्यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच डोलणारं शिकाऊ विमान तयार केलं. त्यात बसणाऱ्याला नुसतं पाहून भागत नव्हतं, दांडा सांभाळावा लागे. हा फरक पुढे बरेच जण विसरले. १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांचं डोक्यावरचं यंत्र इतकं जड होतं की ते छताला टांगावं लागलं. २०१४ मध्ये गूगलनं पुठ्ठ्याचा चष्मा आणला आणि साधा स्मार्टफोनही पेटी झाला.

शिकण्याचा अभ्यास वेगळ्या वाटेनं चालला होता. गॅव्रिएल सालोमन यांनी १९८४ मध्ये मांडलं की टीव्ही सोपा वाटतो म्हणून मुलं त्यावर डोकं कमी चालवतात, आणि हाती कमी लागतं. १९८८ मध्ये जॉन स्वेलर यांनी उलटी बाजू पुढे आणली: एका वेळी मनात मावतं थोडंच, ते भलत्या गोष्टींनी भरलं की शिकायला जागा उरत नाही. कुतूहलाबद्दल जॉर्ज लोवेनस्टीन यांचं १९९४ चं म्हणणं मला सगळ्यात पटतं. माहीत असलेलं आणि हवं असलेलं यातली फट टोचते, तेच कुतूहल. म्हणजे आधी थोडं तरी ठाऊक हवं. कोऱ्या पाटीला काही टोचत नाही.

हे सगळं एकत्र आलं ते अलीकडे. २०१८ मध्ये पारोंग आणि मेयर या संशोधकांनी रक्तपेशींचा धडा काहींना व्हीआरमध्ये, काहींना साध्या स्लाइडवर दिला. व्हीआरवाले जास्त रमले, स्लाइडवाले जास्त शिकले. मात्र व्हीआरचा धडा तुकड्यांत थांबवून प्रत्येक तुकड्याचा सारांश लिहायला लावला, तेव्हा शिकणं सुधारलं आणि गोडीही कमी झाली नाही. पुढच्याच वर्षी माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांना प्रयोगशाळेच्या आभासी धड्यात तेच दिसलं: आपण तिथेच आहोत असं वाटणं वाढलं, शिकणं घटलं.

आपल्याकडे त्यात भाषेचं ओझं मिळवा. घरी अहिराणी, पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि पेटीत इंग्रजी निवेदन. जळगावजवळच्या एका शाळेत मी हृदयाचा धडा पाहायला बसलो होतो. पोरं माना वळवत, बाकांना धडकत, ‘भलतं भारी शे’ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी झडपांविषयी विचारलं तर सगळी गप्प. मग सरांनी युक्ती केली. चार मिनिटं पेटी, मग ती काढून शेजारच्याला आपल्या बोलीत काय दिसलं ते सांगायचं. सांगता सांगता एक पोरगी अडली. म्हणाली, ‘सर, रगत मांगे काबर येत नही?’

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर झडप काढायला घेतली.